क्लब निघतोय कोल्हापुरात, पण घोडं अडलंय 'ओरिजिनल'वर

जुन्या स्पोर्ट्स कार हाताने उभ्या करणाऱ्यांचा क्लब कोल्हापुरात काढायचं घाटतंय हे बऱ्याच जणांच्या कानावर गेलंय, आणि पहिल्याच बैठकीत आवाज चढले तेही गेलं असणार. कशावरून चढले ते मात्र प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतोय, म्हणून ही थोडी पार्श्वभूमी. वाद एवढाच की क्लबात मूळ स्वरूपातल्याच गाड्या घ्यायच्या की बदल केलेल्याही. मी त्या बैठकीला होतो आणि माझंही एक मत आहे, ते मधेमधे डोकावेल, सांभाळून घ्या.

संस्थानकाळात शिरत नाही. राजघराण्याची मेबॅक दसऱ्याला सगळेच बघतो, आणि तसली गाडी सांभाळायला मागे राजवाडा लागतो. आपला विषय दोन दारांच्या, दोन माणसांच्या, टप उघडणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे इंग्लिश एमजी कंपनीच्या टीसी, टीडी, क्वचित एखादी जग्वार. या आल्या त्या बहुतेक स्वातंत्र्याच्या आगेमागे. 1953-54 च्या सुमाराला सरकारने धोरणच बदललं, बाहेरून सुटे भाग आणून इथे नुसती जोडणी करणाऱ्यांना वाव उरला नाही, दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या आणि पुढची तीसेक वर्षं फियाट, अ‍ॅम्बॅसडर आणि स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड यातलंच काहीतरी घ्यायचं. ज्यांच्याकडे एमजी होती त्यांना पार्ट मिळेना, आणि ज्यांना एमजी हवी होती त्यांना एमजीच मिळेना. आजचं भांडण खरं तर तिथून सुरू होतं.

कारण मग लोकांनी जुगाड केले, आणि मी म्हणतो चांगले केले. हेराल्ड घ्या. 1961 पासून मद्रासला बनायची, 948 सीसी इंजिन, आणि मुख्य म्हणजे चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी. बॉडी उचलून बाजूला ठेवा, चॅसी तशीच उभी. इंग्लंडमध्ये स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार निघाली तीही याच चॅसीवर बेतलेली. म्हणजे आपल्याकडच्या कुणी डेंटरला हाताशी धरून हेराल्डचा टप कापला, मागची दारं वेल्डिंग करून बुजवली आणि गाडी ओपन केली, तर त्याने काही भलतं केलं असं मला वाटत नाही. तसंच एमजीचं. टीडीचं 1250 सीसी इंजिन निकामी झालं, क्रँक मिळेना, मग अ‍ॅम्बॅसडरचं 1489 सीसी इंजिन बसवलं. आता गंमत बघा, हेच 1489 सीसी कुळातलं इंजिन एमजीने स्वतः एमजीए मॉडेलला वापरलं होतं. परकं इंजिन म्हणायचं तरी कसं? चुलतभावाची किडनी बसवल्यासारखं आहे ते.

यात उद्यमनगरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीचा वाटा सांगायलाच हवा. ऑइल इंजिनांवर हात बसलेले टर्नर आणि फाउंड्रीवाले चालत जायच्या अंतरावर आहेत म्हणून तर हा नाद इथे परवडतो. मागच्या वर्षी एका टीडीचं इंजिन खोललं. नटाला व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचा पाना बरोब्बर बसतो, म्हणजे माल इंग्लिश, पण बोल्ट नवा करायला दिला तर आटे जुळेनात. टर्नर मामांनी पिच गेज लावला, आटे मेट्रिक निघाले, 8 मिलिमीटरला 1 चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), बाजारातल्या नेहमीच्या 8 च्या बोल्टला 1.25 असतो. त्या इंजिनाच्या कारखान्याची मूळ मशिनरी फ्रेंच कंपनीची, त्यामुळे आटे फ्रेंच आणि डोकं इंग्लिश. मामा म्हणाले, "साहेब, असलं कोण करतंय व्हय?" आणि लेथवर सहा बोल्ट काढून दिले, डोक्यासकट. आता हे बोल्ट ओरिजिनल की डुप्लिकेट? हसू नका, बैठकीत हा प्रश्न खरंच आला.

आता मूळ गोंधळ, शब्दाचा. 'विंटेज' आणि 'क्लासिक' आपण सरसकट वापरतो. 1934 साली ब्रिटनमध्ये एक क्लब निघाला, त्याने पुढे रेघ मारली की 1930 पर्यंतच्याच गाड्या विंटेज. त्यांच्या हिशोबाने टीडी विंटेज नाहीच, आणि शौकीन लोक आजही तिला क्लासिकच म्हणतात. आपल्याकडे मात्र जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम काढला आणि सगळं उलटंपालटं झालं. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झाली की दुचाकी असो वा चारचाकी, ती विंटेज. म्हणजे 1965 ची हेराल्ड, जी आमच्या लहानपणी मास्तर लोक शाळेत घेऊन यायचे, ती कागदावर विंटेज. नव्याने नोंदणी केली तर व्हीए मालिकेचा नंबर, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. फी 20,000, मुदत 10 वर्षं, नंतरच्या नोंदणीला 5,000.

पण अट वाचा. गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार नको. शिवाय रोज चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि मेंटेनन्स एवढ्यापुरतीच रस्त्यावर. विंटेजमध्ये न जाता साध्या नोंदणीवर राहायचं म्हटलं तर इंपोर्टेड गाडीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 15,000 ची 40,000 झाली, तीही पाच वर्षांसाठी, आणि 2025 मध्ये जुन्या गाड्यांना ती आणखी वाढली. म्हणजे स्वस्तातला कागद घ्या आणि गाडी शेडमध्ये ठेवा, नाहीतर महागातला घ्या आणि रविवारी पन्हाळ्याला जा.

बैठकीत एका गटाने मांडलं की विंटेजच्या नियमात बसेल तीच गाडी क्लबात घ्यायची, कटकट नको. त्यांचंही अगदीच चूक नाही, उद्या रॅली काढली आणि कुणी कागद मागितले तर पदाधिकारीच उत्तर देणार. पण ही चाळणी लावली तर अ‍ॅम्बॅसडरच्या इंजिनाची एमजी गेली, ओपन हेराल्ड गेली, फियाटला प्रीमियर 118 एनई गाडीचं निस्सान इंजिन बसवलंय ती गेली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनलेली फायबरच्या बॉडीची दोन सीटर सॅन स्टॉर्म तर वयातच बसत नाही. उरतात मोजून दोन-तीन गाड्या, त्यातल्या एकीची लाकडी फ्रेम कुजली म्हणून सागवानात नवी केलीय, मूळची अ‍ॅशच्या लाकडाची असते, म्हणजे तीही वादातच. आणि जी अजिबात खोललेली नाही ती रिस्टोर करणाऱ्यांच्या क्लबात काय करणार?

सध्या मधला मार्ग म्हणून दोन याद्या करायचं चाललंय, एक मूळ स्वरूपातल्या गाड्यांची, दुसरी बदल केलेल्यांची, आणि मतदानाचा हक्क दोघांना. मूळवाले म्हणतात दुसऱ्या यादीने रॅलीत मागून चालायचं, त्यावर अजून घासाघीस आहे. टर्नर मामांना मेंबर करायचं की मानद करायचं यावरही दोन तट आहेत, मामा म्हणतात वर्गणी सांगा, बाकी तुमचं तुम्ही बघा.

पुढच्या रविवारी हेराल्डवाले गाडी घेऊनच येणार म्हणतायत. हूड अजून शिवून आलेला नाही, पाऊस नसला म्हणजे झालं.