जुन्या छोट्या मोटारीची घरगुती देखभाल व फेरबदल (ठाणे–नवी मुंबई)

ज्या छोट्या मोटारीच्या नोंदणीची पहिली पंधरा वर्षे उलटली आहेत किंवा उलटण्याच्या बेतात आहेत, तिची नित्याची देखभाल, किरकोळ दुरुस्ती व तिच्यात करावयाचे बदल ही कामे सर्वस्वी गॅरेजवर न सोपवता मालकाने स्वतः, इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा घरासमोरच्या जागेत करण्याचा प्रघात. एमएच-०४ (ठाणे) व एमएच-४३ (नवी मुंबई) या क्रमांकांच्या गाड्यांत तो मुख्यत्वे मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो व इंडिका यांच्या मालकांत आढळतो. हौस, काटकसर आणि वडिलांनी घेतलेली पहिली गाडी भंगारात द्यायला मन न धजणे, अशी तीन कारणे त्यामागे असतात. त्यांतले तिसरे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

मारुती ८०० ही डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तिचे ७९६ घ.सेंमी.चे तीन सिलिंडरांचे इंजिन ओम्नीलाही होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत तयार होत राहिली. त्यामुळे ८००चे इंजिनाचे सुटे भाग आजही फारसे शोधावे लागत नाहीत. आल्टोचे इंजिनही ७९६ घ.सेंमी.चेच, पण त्यात दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असल्याने ‘आठशेचा माल आल्टोला चालतो’ या दुकानदाराच्या वाक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. खरी टंचाई इंजिनाच्या भागांची नसून दाराच्या रबरी पट्ट्या, काच सरकण्याच्या खाचेतील रबर, आतली हँडले व डॅशबोर्डचे प्लास्टिक यांची असते. त्यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या मालाच्या दुकानांची वारी करावी लागते.

घरी काय करता येईल हे गाडीच्या पिढीवर अवलंबून असते. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर कार्बोरेटर (हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारा यांत्रिक भाग) मागे पडून एमपीएफआय म्हणजे बहुबिंदू इंधन-अंतःक्षेपण पद्धती आली. कार्बोरेटरची गाडी पाना, पेचकस आणि कान यांच्या जोरावर ट्यून होते. एमपीएफआय गाडीत संवेदक व संगणक असल्याने मोजमापाचे साधन लागते. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर मात्र २०१० नंतरच्या, भारत स्टेज-४ (प्रदूषण-नियमांचा चौथा टप्पा) गाड्यांवरच भरवशाने चालतात, कारण दोष-निदानाची प्रमाणित व्यवस्था त्यानंतर सक्तीची झाली.

गंज : या भागातील घरगुती देखभालीचा अर्ध्याहून अधिक वेळ इंजिनावर नव्हे, तर पत्र्यावर खर्च होतो. कोकणपट्टीतला जून ते सप्टेंबरचा पाऊस, ठाण्याच्या खाडीवरून येणारा खारा वारा आणि उघड्यावरचे पार्किंग यांचा तो एकत्रित परिणाम होय. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू पुरतात. मिठामुळे पाण्याची विद्युत्‌वाहकता वाढते आणि तीच क्रिया वेगाने होते. कोपरी, ऐरोली किंवा वाशीत खाडीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीचा पत्रा म्हणूनच देशावरच्या त्याच वयाच्या गाडीपेक्षा लवकर हात टेकतो.

गंज दिसतो तेव्हा तो जुना झालेला असतो, कारण तो आतून बाहेर येतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचे पाणी दाराच्या पोटात साचते आणि रंगाला फोड येतात. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराच्या पाकळ्या व पिंपळाची पाने अडकली की तिथले पाणी वाट शोधत पुढच्या सीटच्या पायाशी उतरते. ते ओळखण्याची घरगुती रीत अशी : पायाशी असलेली रबरी मॅट काढून गालिच्यावर तळहात दाबून धरावा. वरचा थर कोरडा लागतो, पण मिनिटभरात खालच्या नमद्यातला गारवा हाताला जाणवतो. मग गालिचा उचलून पत्र्यावर पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे. धड पत्रा खणखणतो; सडलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि कधीकधी पेचकसाचे टोक सरळ आरपार जाऊन खालची फरशी दिसते. बॅटरीखालचा ट्रे, दारांखालचा उंबऱ्यासारखा पट्टा आणि स्टेपनीची जागा या आणखी तीन जागा त्याच रीतीने तपासतात.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिशपेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासतात, उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लयुक्त गंज-परिवर्तक लावतात, तो वाळल्यावर रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर व वर रंग देतात. हे काम मे महिन्याच्या कोरड्या उन्हात उरकावे. जुलैत लावलेला प्रायमर वाळल्यासारखा दिसतो, पण खाली दमट हवा कोंडून घेतो. भोक पडलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणे ही विकायच्या गाडीची सजावट आहे, दुरुस्ती नव्हे. तिथे सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो आणि ते काम डेंटिंगवाल्याचे असते. गंजावरूनच थापलेले काळे अंडरकोटिंग तर ओल आत डांबून पत्रा अधिक लवकर खाते.

पावसाळ्यात कार्बोरेटरच्या गाडीची ठरलेली तक्रार म्हणजे सकाळी ‘सेल्फ फिरतो, पण गाडी लागत नाही’. बहुधा डेल्कोच्या (प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) झाकणात बाष्प धरलेले असते किंवा प्लग वायरींच्या वेष्टनाला बारीक चिरा गेलेल्या असतात. झाकण काढून कोरड्या सुती फडक्याने आतून पुसले की बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. वायरींची परीक्षा मात्र रात्री करावी. बॉनेट उघडून, आजूबाजूचे दिवे घालवून इंजिन चालू ठेवले, तर फुटक्या वायरीवरून जवळच्या लोखंडाकडे उडणाऱ्या निळसर ठिणग्या स्पष्ट दिसतात. दिवसा त्याच वायरी निर्दोष भासतात. गाडी साचलेल्या पाण्यात बुडली असल्यास सेल्फ अजिबात मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पाण्यातून निघालेल्या गाड्यांची जी इंजिने घाईने सेल्फ मारल्यामुळे गेली, त्यांचे कारण हेच होते.

नित्याची कामे सोपी आहेत. ऑइल व फिल्टर बदलणे (८००ला सुमारे तीन लिटर ऑइल पुरते), एअर फिल्टर झटकणे व बदलणे, प्लगची फट तपासणे, फॅन बेल्टचा ताण पाहणे ही कामे एका रविवारी होतात. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळाचे पाणी घालण्याची सवय मात्र घातक ठरते, कारण क्षार व गंज साचून नळ्या बुजतात आणि उन्हाळ्यात घोडबंदर रोडवरच्या वाहतूक कोंडीत तापमानाचा काटा चढू लागतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलतात. टायमिंग बेल्ट किलोमीटरने जेवढा झिजतो तेवढाच वयानेही वाळतो. थोड्या चाललेल्या जुन्या गाडीत नेमके हेच विसरले जाते. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नसल्याने पेट्रोलचे रबरी पाइप, पंपाचा पडदा व कार्बोरेटरचे वायसर दर सहा महिन्यांनी डोळ्यांखालून घालावेत. पाइपाला बोटांत धरून वाकवल्यावर चिरा दिसल्या किंवा तो चिकट लागला, तर त्याच दिवशी बदलावा.

गाडी केवळ जॅकवर उभी करून खाली शिरणे हा या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे. भक्कम स्टँड, चाकांच्या पुढे-मागे लावलेले ठोकळे आणि पक्की सपाट जमीन यांवाचून ते काम करू नये. तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करणेही तसेच, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फेरबदल : या शब्दाने रुंद टायर व मोठा आवाज डोळ्यांसमोर येत असला, तरी जुन्या गाडीतले उपयोगी बदल हे बहुधा वयाने हिरावून घेतलेले परत मिळवण्याचे असतात. हेडलाइटचे उदाहरण पुरेसे आहे. त्या काळच्या अनेक छोट्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डमागच्या स्विचमधून जातो. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर घेतात. वीस वर्षांच्या वायरी व काळवंडलेले संपर्कबिंदू यांत एक-दीड व्होल्ट सहज गळतो. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो; व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झाले, तर उजेड तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कमी होतो. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर आणून रिले (स्विचच्या थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारी डबी) बसवला की जुनाच दिवा नव्यासारखा पडतो. त्याऐवजी हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब खोचल्यास उजेड विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

टायरचा हिशोबही कागदावर करून पाहावा. झेनच्या १४५/७० आर १३ ऐवजी १५५/७० आर १३ घातल्यास चाकाचा व्यास सुमारे ५३३ मि.मी.वरून ५४७ मि.मी. होतो, म्हणजे काटा ताशी ६० कि.मी. दाखवतो तेव्हा गाडी साडेएकसष्टने धावत असते. एवढे खपते, त्यापुढे गेल्यास स्टिअरिंग जड होते व वळणावर टायर आतल्या पत्र्याला घासतो.

कायद्याची चौकट अरुंद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांना छेद देणारा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला. बंपरपुढचे लोखंडी गार्ड २०१७ पासून निषिद्ध आहेत. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सीएनजी किट बसवता येते, पण ते मान्यताप्राप्त असावे लागते व नोंदणीपुस्तकात चढवावे लागते. टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी होते.

हे सगळे जिथे करायचे ती जागा मात्र मालकाची क्वचितच असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन दिवस स्टँडवर उभी असलेली गाडी तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या नोटिशीचा विषय होते, म्हणून अनुभवी मंडळी एका दिवसात संपेल एवढेच काम उघडतात. आटे गेलेला बोल्ट किंवा खरवडलेला ब्रेक ड्रम वागळे इस्टेट वा ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या लेथवाल्याकडे देऊन उरलेले घरी करतात. काढलेले काळे ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतल्यास इथल्या नाल्यांतून थेट खाडीत जाते, म्हणून जुन्याच डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे, तो ते गोळा करणाऱ्यांना देतो.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर वेळी पाच वर्षांसाठी होते. मोटारीसाठीचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांपुढच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत जुन्या गाड्यांवर घातलेली वयोमर्यादा इकडे लागू नाही, तरीही त्या भीतीने धड गाड्या विकल्या गेल्या. तपासणीच्या वेळी पत्र्यावर ठोकलेल्या चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलने छाप घेतात. त्या जागी गंज चढला असेल, तर तिथे ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश फिरवू नये. आकडे पुसट झाले तर गाडीची ओळखच वादात सापडते. रॉकेलचे फडके रात्रभर दाबून ठेवून सकाळी मऊ ब्रशने पापुद्रा काढावा आणि वर पातळ ग्रीस लावावे.