अर्धवेळ पायदळ सैनिक

पोटापाण्यासाठी दुसरा व्यवसाय करणारा, पण वर्षातले ठरावीक दिवस पायदळाच्या पलटणीत कवायत, नेमबाजी व युद्धसराव करणारा आणि गरज पडली की पूर्णवेळ सेवेवर बोलावला जाणारा सैनिक. ब्रिटनचे आर्मी रिझर्व्ह, अमेरिकेचे नॅशनल गार्ड आणि भारताची प्रादेशिक सेना यांत अशी भरती स्वेच्छेने होते. स्वित्झर्लंड व सिंगापूरमध्ये पुरुष नागरिकांना ती कायद्याने बंधनकारक आहे. नोकरीचा काळ संपवून घरी बसलेला, फक्त यादीत नाव उरलेला माजी सैनिक या वर्गात येत नाही. अर्धवेळ सैनिकाची पलटण, तिच्यातली कंपनी आणि कंपनीतला सेक्शन (आठ-दहा जणांची तुकडी) ठरलेले असतात आणि त्याला तिथे पुन्हा पुन्हा हजर व्हावे लागते.

बारमाही पगारावरचे खडे सैन्य ही इतिहासात तुलनेने अलीकडची गोष्ट. प्राचीन ग्रीक नगरराज्यांचे भालाईत बहुतांशी स्वतःची जमीन कसणारे शेतकरी होते. पावसाळ्यात शेती आणि दसऱ्यानंतर मोहीम हा शिवकालातील अनेक शिपायांचा वर्षक्रम होता. नॅशनल गार्ड आपला आरंभ मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६३६ साली उभ्या राहिलेल्या नागरी पलटणींपासून मोजते. ब्रिटनमध्ये युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या सुधारणांतून १९०८ मध्ये टेरिटोरियल फोर्स हे अर्धवेळ दल स्थापन झाले. ते मुख्यतः मायदेशाच्या रक्षणासाठी होते, तरी ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यातील लंडन स्कॉटिश ही पलटण बेल्जियममध्ये मेसिन येथे थेट लढाईत उतरली. भारतात प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले.

कागदावर ही सेवा हलकी दिसते. अमेरिकेत महिन्याला एक शनिवार-रविवार आणि वर्षाला सुमारे दोन आठवड्यांचा कॅम्प असतो. त्या दोन दिवसांच्या चार हजेऱ्या धरल्या जातात आणि चार दिवसांचे मूळ वेतन मिळते. ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण २७ दिवस भरावे लागतात. ते भरले आणि वार्षिक चाचण्या उत्तीर्ण झाल्या की करमुक्त बक्षीस रक्कम हाती पडते. स्वित्झर्लंडमध्ये १८ आठवड्यांच्या प्रारंभिक प्रशिक्षणानंतर काही वर्षे तीन-तीन आठवड्यांचे उजळणी वर्ग होतात आणि रायफल बहुधा सैनिकाच्या घरीच असते. या हिशेबात न येणारे तास मात्र बरेच. धावणे, वजन उचलणे, पिट्ठू (पाठीवरची पिशवी) भरणे, बूट रुळवणे, अर्ज भरणे हे सारे स्वतःच्या वेळेत. नियमित सैनिकाला सकाळच्या पीटीचे वेतन मिळते. अर्धवेळ सैनिक कामाला जाण्याआधी अंधारात एकटाच धावतो.

सरावाचा शनिवार-रविवार प्रत्यक्षात शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. कामावरून सुटलेली माणसे गणवेश चढवून हजेरीला उभी राहतात. कोतातून, म्हणजे शस्त्रांच्या कोठारातून, रायफली निघतात, त्यांचे क्रमांक सही घेऊन नोंदवले जातात आणि रात्री ट्रक सरावक्षेत्राकडे निघतात. मुक्काम झाडीत, ताणलेल्या ताडपत्रीखाली. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळे आपापल्या जागी हत्यार रोखून पडून राहतात, कारण हल्ल्याची शक्यता याच वेळी अधिक मानली जाते. दिवसभर गस्त, टेहळणी, सेक्शनचा हल्ला. मग तोच हल्ला पुन्हा. एक तुकडी गोळीबाराने समोरच्याला दाबून ठेवते आणि दुसरी पुढे सरकते, हे तत्त्व दहा मिनिटांत समजते. दमलेल्या, चिखलात माखलेल्या आठ-दहा जणांना ते अंधारात जमवणे ही वेगळी गोष्ट. रात्री झोप तुकड्या-तुकड्यांनी मिळते, कारण पहाऱ्याची पाळी कुणालाच चुकत नाही. रविवारी दुपारनंतर रायफलीची नळी साफ करणे, सामान मोजणे आणि हरवलेली एखादी वस्तू सापडेपर्यंत सगळ्यांनी थांबणे. या सेवेतला मोठा वेळ वाट पाहण्यात जातो, हे भरतीच्या जाहिरातीत येत नाही. सोमवारी सकाळी तोच माणूस कार्यालयात असतो.

पायदळ हे अर्धवेळ सैनिकाला सर्वांत सोपे, असा समज आहे: रायफल, दोन पाय आणि शिस्त. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. अर्धवेळ सेवेतला डॉक्टर, स्वयंपाकी किंवा वाहन दुरुस्त करणारा आपले सैनिकी काम आठवडाभर नागरी जीवनातही करतच असतो. पायदळाच्या कामाला नागरी जगात जोडच नाही. एका कॅम्पमध्ये कमावलेले कसब पुढच्या कॅम्पपर्यंत गंजते. त्यातही वैयक्तिक कौशल्ये, म्हणजे नेमबाजी, नकाशावाचन, प्रथमोपचार, थोड्या उजळणीत परत येतात. प्लाटून (काही सेक्शन मिळून होणारी तुकडी) आणि कंपनीने एकत्र हालचाल करणे, तोफखान्याशी मेळ घालणे यांना सलग आठवडे लागतात. आखाती युद्धासाठी नॅशनल गार्डची ४८ वी पायदळ ब्रिगेड ३० नोव्हेंबर १९९० रोजी सेवेत बोलावली गेली. ही यांत्रिकीकृत, म्हणजे चिलखती वाहनांतून लढणारी, ब्रिगेड युद्धसज्ज असल्याचे प्रमाणपत्र तिला मिळाले २८ फेब्रुवारी १९९१ रोजी, म्हणजे नेमके युद्धविरामाच्या दिवशी. ती आखातात गेलीच नाही. याचा दोष सैनिकांना देणे अन्यायाचे ठरेल; अडचण दिवसांच्या गणिताची होती.

पलटणीत नागरी दर्जा गळून पडतो. बँकेचा अधिकारी साधा शिपाई असू शकतो आणि त्याच्यावर हुकूम चालवणारा हवालदार एरवी नळजोडणीची कामे करणारा. अनेकांना हेच आवडते. घरच्यांचे गणित निराळे असते: सुट्टीच्या दिवशीच माणूस घरात नसतो, आणि मुलांची आजारपणे, लग्नकार्ये, परीक्षा सरावाची तारीख पाहून येत नाहीत. मालकाचाही प्रश्न असतोच. अमेरिकेतील १९९४ चा कायदा सेवेवर गेलेल्याला, एकूण पाच वर्षांच्या मर्यादेत, नोकरी परत मिळण्याची हमी देतो. स्वित्झर्लंडमध्ये उजळणी वर्गाच्या काळात बुडालेल्या उत्पन्नाची साधारण ८० टक्के भरपाई सामाजिक विम्यातून मिळते. टळलेल्या बढतीवर मात्र कोणत्याच कायद्याचा इलाज फारसा चालत नाही, कारण ती टळण्याचे कारण कुणी लिहून ठेवत नाही.

प्रत्यक्ष तैनातीत ‘अर्धवेळ’ या विशेषणाला अर्थ उरत नाही. २००५ मध्ये इराकमधील अमेरिकी भूदलाच्या लढाऊ ब्रिगेडपैकी जवळपास निम्म्या नॅशनल गार्डच्या होत्या. भारतात प्रादेशिक सेनेच्या पायदळ पलटणी जम्मू-काश्मीर आणि ईशान्येत बंडखोरीविरोधी कामगिरीवर राहिल्या आहेत. अवघड भाग अनेकदा परतल्यावर सुरू होतो. इराकमध्ये जाऊन आलेल्या ब्रिटिश सैनिकांविषयी किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तैनातीचा मानसिक आरोग्यावरील दुष्परिणाम नियमित सैनिकांपेक्षा राखीव (अर्धवेळ) सैनिकांमध्ये अधिक ठळक दिसला. याची काही कारणे त्यांच्या जगण्याच्या रचनेतच असावीत. नियमित सैनिक परततो तो छावणीत, त्याच सोबत्यांमध्ये. अर्धवेळ सैनिक काही आठवड्यांतच अशा लोकांत जाऊन बसतो ज्यांच्याशी त्या दिवसांविषयी बोलायला सामाईक शब्द नसतात, आणि त्याची पलटण गावोगावी पांगलेली असते. ब्रिटनने त्याच वर्षी राखीव सैनिकांसाठी स्वतंत्र मानसिक आरोग्य योजना सुरू केली. अमेरिकेत २००८ च्या संरक्षण कायद्याने परतलेल्या तुकड्यांसाठी ३०, ६० आणि ९० दिवसांच्या टप्प्यांवर मेळावे ठेवले आणि त्यांत कुटुंबीयांनाही सामील करून घेतले.