संगणक नेमका कुठे अडलाय?

एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळतो, लाईट जाते, दोनदा येऊन जाते आणि तिसऱ्यांदा टिकते. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी चालू असलेला दुकानातला संगणक तेवढ्यात मधेच बंद पडलेला असतो, आणि बटण दाबलं तरी उठत नाही. मग कोल्हापुरात शाहूपुरी असो वा राजारामपुरी, ठरलेला सल्ला येतो : 'विंडोज मारून घ्या', म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. सल्ला नेहमीच चुकीचा असतो असं नाही, पण तो शेवटच्या पायरीचा आहे. आधी पाहायचं ते संगणक कुठवर येऊन थांबतो ते.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, जागा होतो. त्याचे व्होल्टेज स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डला, 'पॉवर गुड' असा इशारा देतो. त्यानंतर प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, वाचू लागतो. बायोस रॅम आणि डिस्प्ले तपासतो, डिस्कवरच्या सुमारे १०० एमबीच्या छोट्या विभागातला बूट मॅनेजर शोधतो आणि काम त्याच्या हवाली करतो. विंडोजची पाळी येते ती त्यानंतर. म्हणूनच पडद्यावर कंपनीचं चिन्हसुद्धा उमटत नसेल, तर विंडोज मारून काहीही साधणार नाही. पाळीच आलेली नाही, तर विंडोजचा दोष कसा?

अगदीच सामसूम असेल तर प्लग काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा लावा. हा तोडगा जादूटोण्यासारखा वाटतो, पण लाईट झटक्याने आली की एसएमपीएसमधली संरक्षक यंत्रणा अडकून बसते, आणि कपॅसिटरमधला उरलेला भार गेल्याशिवाय ती सुटत नाही. पंखा एकदा गिरकी घेऊन थांबत असेल, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पुढचे यूएसबी असं एकेक काढत, प्रत्येक वेळी प्लग बाजूला करून, बटण दाबून बघा. एसएमपीएसची स्वतंत्र चाचणीही सोपी आहे : त्याच्या सगळ्या पिना मदरबोर्डवरून काढा, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि शेजारची कुठलीही काळी तार कागदाच्या क्लिपने जोडा आणि मग प्लग लावा. पंखा फिरला पाहिजे. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. मात्र इथे त्याच्यावर कामाचा बोजा नसतो, त्यामुळे या चाचणीत पास झालेला एसएमपीएस कामाला लागल्यावर मान टाकू शकतो. खात्री करायची तर दुसरा एसएमपीएस लावूनच. त्याचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपासचा भार प्लग काढल्यावरही काही काळ राहतो.

पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. इथे आधी एक साधी गोष्ट बघा : वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच लावलेली आहे का? मग रॅम. पावसाळ्यातल्या दमटपणाने तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत यंत्रं चालणाऱ्या जागी तर हवेत लोखंडाची बारीक धूळ असते, आणि ती वीजवाहक असते. सगळ्या काड्या काढा, पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका आणि एकच काडी बसवून बघा. चार स्लॉट असतील तर ती बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले) आणि बूट (डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथे घोडं अडलंय. डीडीआर-५ रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. तेवढा धीर धरा, नाहीतर चांगली रॅम फेकून द्याल.

तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तो ३ व्होल्टचा असतो. दिसायला किरकोळ, पण जुन्या बोर्डांवर तो संपला की बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत आरएआयडीवरून एएचसीआयवर (या दोन्ही बायोसमधल्या सेटिंग) किंवा उलट बदलली, तर चांगलंभलं विंडोज 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळं पडतं. सेटिंग पूर्ववत केली की ते मुकाट्याने चालू होतं.

चिन्ह येऊन चक्र फिरत राहिलं, की मगच विंडोजकडे वळायचं. पण त्याआधी डिस्कचा आवाज ऐका. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर लगेच बंद करा. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक डेटा हातचा जातो. आवाज नसेल तर चालू होताना तीनदा पॉवर बटण दाबून धरून बंद करा, म्हणजे दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचा क्वालिटी अपडेट काढणं, मग सेफ मोड (फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन चालू होणारं विंडोज), या क्रमाने जा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल, आणि बायोसला हात लावल्यावरही ती मागितली जाऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणं हा मुख्य उपाय होता, पण ही की हाताशी नसल्याने अनेक ठिकाणी काम रखडलं.

दुरुस्तीच्या पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका तपासणारी आज्ञा) चालवायचं तर आधी डिस्कपार्ट या डिस्कचे विभाग दाखवणाऱ्या आज्ञेत ड्राइव्हची अक्षरं बघा. दुरुस्तीच्या पडद्यावर नेहमीचा सी कधी डी होऊन बसतो. चेकडिस्कला एफ हा पर्याय द्या, आर नको. आर अख्खी डिस्क वाचत बसतो, आणि आजारी डिस्कला तेच सोसत नाही. बूट दुरुस्त करणाऱ्या बूटरेक या आज्ञेचा फिक्सबूट 'अॅक्सेस डिनाइड' म्हणाला तर त्याच्याशी झगडू नका. त्या १०० एमबीच्या विभागाला डिस्कपार्टने एखादं अक्षर द्या आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाइल तिथे नव्याने लिहा.

एवढं करूनही जमलं नाही, तर विंडोज मारायची वेळ आली. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. मात्र आधी ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून चालू करून फाइल उतरवून घ्या. टॅलीचा डेटा बहुतेकदा सी ड्राइव्हवरच असतो, डेस्कटॉपवरचं सगळं तर असतंच, आणि फॉरमॅट मारणाऱ्याला ते सांगितल्याशिवाय कळत नाही.