शस्त्रक्रियागृहाचा पर्यावरणभार

शस्त्रक्रियागृहातून (ओटी) निघणारा घनकचरा, तिथे खर्च होणारी वीज आणि हवेत सुटणारे भूलवायू यांचा एकत्रित भार. रुग्णालयाच्या एकूण कचऱ्यापैकी साधारण २० ते ३०% ओटीतून येतो. नजरेत भरतात त्या कचऱ्याच्या पिशव्या. हवामानावरचा मोठा भार मात्र भूलवायू आणि वातानुकूलन यांचा असतो.

भूलवायूंचे शरीरात फारसे विघटन होत नाही: सेवोफ्लुरेनचे जेमतेम ५%, डेसफ्लुरेनचे जवळपास शून्य. बाकीचा वायू उच्छ्वासातून यंत्रात आणि तिथून निष्कासन नळीने इमारतीबाहेर जातो. ही नळी ओटीतल्या माणसांचे रक्षण करते, वातावरणाचे नाही. डेसफ्लुरेनची २४० मिलीलिटरची एक बाटली सुमारे ८९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवते. सेवोफ्लुरेनच्या २५० मिलीलिटरच्या बाटलीसाठी हा आकडा सुमारे ५० किलो येतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेन बंद केले. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून, वैद्यकीयदृष्ट्या अटळ असल्याखेरीज, त्याला मनाई आहे.

डेसफ्लुरेन टाळणे हा पहिला उपाय. दुसरा उपाय ताज्या वायूचा, म्हणजे यंत्रात नव्याने सोडल्या जाणाऱ्या वायूमिश्रणाचा, प्रवाह घटवणे. सुरुवातीची काही मिनिटे प्रवाह जास्त ठेवून भूल स्थिरावली की तो मिनिटाला ०.५ ते १ लिटरवर आणतात. श्वासनलिकेत नळी घालताना व्हेपोरायझर (द्रव भूलऔषधाची वाफ करणारे उपकरण) चालू ठेवून वायूचा प्रवाहच बंद करावा. उलटे केल्यास, म्हणजे प्रवाह चालू ठेवून व्हेपोरायझर बंद केल्यास, यंत्रात साठलेले औषध धुऊन जाते. कमी प्रवाहात श्वासातील ऑक्सिजनचे प्रमाण हळूहळू उतरू शकते, म्हणून ऑक्सिजन आणि भूलवायू दोन्हींचे मोजमाप सतत हवे. भूल चटकन गडद करायची असेल तर नुसती व्हेपोरायझरची चकती फिरवून भागत नाही, प्रवाहही तात्पुरता वाढवावा लागतो. सोडा लाइमचा (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा) रंग फसवतो. आत घेतलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड चढू लागला की ते बदलावे.

नायट्रस ऑक्साइड या आणखी एका भूलवायूचे दुखणे निराळे आहे. ते वापरापेक्षा भिंतीतल्या पाइपांतून अधिक गळते. वर्षभरात रिकामे झालेले सिलिंडर आणि रुग्णांना प्रत्यक्ष दिलेला वायू यांचा ताळा घातला की गळती उघडी पडते. मध्यवर्ती पाइपलाइन बंद करून यंत्रावर छोटा सिलिंडर बसवणे आणि गरज नसताना त्याची झडप मिटलेली ठेवणे, हा यावरचा खरा इलाज. नुसती गळती बुजवत बसणे फारसे फळत नाही.

विजेत सिंहाचा वाटा वातानुकूलनाचा. रिकाम्या ओटीतही तासाला २० वेळा हवा बदलत राहणे ही निव्वळ उधळण आहे. ओटी वापरात नसताना हा दर ६ पर्यंत उतरवता येतो. अट एकच, बाहेरच्यापेक्षा आतला हवेचा दाब जास्तच राहिला पाहिजे. पूर्ण दर परत आल्यावर हवेतले ९९% कण सुमारे १४ मिनिटांत निघून जातात. त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेच्या अर्धा तास आधी यंत्रणा पूर्ववत केली तरी पुरते.

घनकचऱ्यात वर्गीकरण चुकते ते रुग्ण आत येण्यापूर्वीच. निर्जंतुक संचांची पॉलिप्रोपिलीनची वेष्टने तोवर स्वच्छ असतात. त्यांची पिशवी चीर देण्याआधी भरून बाहेर काढली तर पुनर्वापराला जाते. रक्ताचा एक बोळा त्यात पडला की सगळी पिशवी संसर्गजन्य ठरते. ‘असू द्यावे’ म्हणून फोडलेले आणि न वापरताच फेकलेले साहित्य हेही मोठे गळतीचे ठिकाण. शस्त्रक्रियावार यादी तपासून क्वचित लागणाऱ्या वस्तू संचातून वगळाव्यात आणि हाताशी, पण बंद ठेवाव्यात. धुऊन वापरायचे गाऊन आणि ड्रेप (रुग्णावर पसरायची निर्जंतुक कापडे) सहसा एकदाच वापरायच्या मालापेक्षा सरस ठरतात. पण ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) अर्धा रिकामा चालवला तर त्या बचतीतला बराच भाग वाफेत जातो.