गाडी उंच करण्याआधी: फेरफाराची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

सातपुड्याच्या पायथ्याशी शेती असलेल्या किंवा पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांनी रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आपली फोर-बाय-फोर गाडी चार बोटे उंच करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे सुटे भाग, विकत घेण्याआधी आरटीओची प्रक्रिया समजून घ्यावी. परवानगी आधी आणि काम नंतर असा तिचा क्रम आहे. पुष्कळ जण तो उलटा धरतात आणि पुढे पासिंगच्या वेळी अडकतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) तपशील उत्पादक कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा फेरफार मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतील बदल म्हणजे फेरफार, असे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) नुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द नीट वाचावेत, कारण उंच केलेले सस्पेन्शन, मोठे टायर आणि बदललेला बंपर असे तीन फेरफार धरले गेले तर दंडाची रक्कम १५,००० रुपये होते.

आता मूळ प्रश्न, म्हणजे लिफ्टला मंजुरी मिळते का? कंपनी एखाद्या मॉडेलची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून करून घेते, तेव्हा मिळणारी मान्यता त्या विशिष्ट स्प्रिंग, शॉकअब (शॉक अॅब्सॉर्बर), टायर आणि ब्रेकसह असलेल्या गाडीला असते. बाजारातून आणलेले किट बसवताच गाडी त्या मान्यतेच्या बाहेर जाते, आणि ती मान्यता परत देणे तालुक्याच्या गॅरेजला किंवा दलालाला शक्य नसते. म्हणून ‘लिफ्ट आरसीवर चढवून देतो’ असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टायरच्या बाबतीत त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेल्या मापापर्यंत थांबणे शहाणपणाचे आहे. उदाहरणार्थ, २४५/७५ आर १६ ऐवजी २६५/७५ आर १६ टायर लावल्यास चाकाचा व्यास सुमारे ३० मिलिमीटरने वाढतो, पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच, म्हणजे १५ मिलिमीटर वाढते. त्या बदल्यात मीटरवर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वेगाने धावत असते.

पुढचा लोखंडी जंगला, म्हणजे क्रॅश गार्ड, हाही कलम ५२ चा भंग ठरतो. त्यावर कारवाई करण्याचे निर्देश केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना दिले आहेत. स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १११ ने मनाई केली आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीतही नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते.

अर्ज कशासाठी आणि कोणी करावा

रंग बदलणे, झिजलेल्या इंजिनाच्या जागी दुसरे इंजिन बसवणे, मान्यताप्राप्त सीएनजी किट लावणे किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेणे यांसाठी परवानगीचा अर्ज करता येतो. अर्जदार नोंदणीकृत मालकच असला पाहिजे. गाडी वडिलांच्या नावावर असेल, तर वापर मुलाचा असला तरी अर्ज वडिलांच्याच नावाने जातो. नोंदणी, विमा आणि पीयूसी मुदतीत असावेत, कर भरलेला असावा आणि प्रलंबित ई-चलन आधीच निकाली काढलेले असावे. गाडी ज्या कार्यालयाच्या हद्दीत असेल तेथेच, म्हणजे जळगाव (एमएच १९), धुळे (एमएच १८), नंदुरबार (एमएच ३९) अशा संबंधित कार्यालयात, प्रकरण चालते.

आपला खानदेश गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागून असल्याने सुरत किंवा बऱ्हाणपूरकडून जुनी मारुती जिप्सी आणण्याची पद्धत आहे. अशा गाडीची मूळ कार्यालयाकडून नमुना २८ मधील एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), नमुना २९ व ३० वरील हस्तांतरण आणि नमुना २७ वरील नवीन नोंदणी क्रमांक ही कामे आधी पूर्ण करावीत, कारण दुसऱ्याच्या नावावरील गाडीसाठी फेरफाराचा अर्ज पुढे सरकत नाही.

अर्ज परिवहन पोर्टलच्या वाहन सेवेत गाडी क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक टाकून भरला जातो आणि शुल्कही तेथेच भरता येते. अर्जासोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार व पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट आणि बसवायच्या सुट्या भागाचे बिल व मान्यता प्रमाणपत्र तयार ठेवावे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचे लेखी संमतीपत्र लागते. ते मिळायला वेळ जातो, म्हणून सुरुवात त्यापासूनच करावी. त्यानंतर गाडी निरीक्षकासमोर उभी करायची असते. काही कारणाने परवानगीआधीच बदल झाला असेल, तर तो १४ दिवसांच्या आत आरसी आणि शुल्कासह कळवण्याचे बंधन मालकावर आहे. पण कळवल्याने अमान्य फेरफार मान्य होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

लष्कराच्या लिलावातील जिप्सीची वाट थोडी वेगळी आहे. तिच्यासाठी नमुना २० च्या नोंदणी अर्जासोबत संबंधित लष्करी प्राधिकाऱ्याने दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र जोडावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव असल्याने तो रंग पूर्ण काढूनच गाडी तपासणीला न्यावी.

तपासणीआधी गाडीखाली एकदा पाहावे

कोणी आधीच उंच केलेली गाडी विकत घेतली असेल, तर तिला मूळ मापावर आणताना केवळ स्प्रिंग बदलून भागत नाही. जॅक लावून चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि ब्रेकचा रबरी होज पाहावा. तो तारेसारखा ताठ झाला असेल किंवा टोकाजवळ बारीक भेगा दिसत असतील, तर बदलावाच, कारण खड्ड्यात चाक खाली गेल्यावर तो तुटला की ब्रेक ऑइल वाहून जाऊन ब्रेक निकामी होऊ शकतात. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांच्या आसापर्यंत नेणारा दांडा, वाढलेल्या कोनात फिरल्याने त्याच्या क्रॉसची (सांध्याची) बेअरिंग लवकर झिजतात. ठराविक वेगाला गाडीच्या तळातून थरथर जाणवते, ती बहुधा याचमुळे. हौजिंगचे, म्हणजे चाकांच्या आसावरील डिफरन्शियलच्या पेटीचे, ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर नदी-नाल्याचे पाणी आत गेले आहे असे समजून सील आणि ऑइल दोन्ही बदलावे. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसली की चाक डगमगते आणि लोक विनाकारण स्टीअरिंगचा टाय रॉड बदलतात, म्हणून आधी रिम धुऊन पाहावी. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत मूळ पातळीवर आणावा. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) किंवा शॉकअब बदलले असतील, तर ५०० किलोमीटरनंतर त्यांचे नट पुन्हा कसून घ्यावेत.

मंजूर झालेला बदल आरसीवर चढल्यानंतर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी आणि त्या नोंदीची प्रत गाडीच्या कागदांसोबत ठेवावी. न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नमुना २५ वर नूतनीकरणासाठी येते आणि हा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. त्या वेळच्या तपासणीत निरीक्षक गाडी पुन्हा आरसीशी ताडून पाहतो, त्यामुळे मूळ स्प्रिंग, रिम आणि बंपर भंगारात न विकता सांभाळून ठेवावेत.