पार्श्वभूमी : हौशी फुटबॉल पंच, त्यांचा सत्कार आणि पंचेचाळिशीची अट

हंगाम संपला की बक्षीस समारंभात एखाद्या ज्येष्ठ पंचाला शाल-श्रीफळ देऊन गौरवायचे, ही प्रथा आपल्याकडच्या स्थानिक फुटबॉलमध्ये आता रुळली आहे. निवेदक त्यांच्या कारकिर्दीची वर्षे सांगतो, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. हा माणूस इतकी वर्षे पोटासाठी काय करत होता, सामन्याच्या दिवशी कामावरून कसा सुटत होता आणि नेमका पंचेचाळिशीच्या आसपासच त्याचा सत्कार का होतो आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ही पार्श्वभूमी त्यासाठी.

पंच मैदानाच्या आत आला तो १८९१ साली. त्याआधी दोन्ही संघ आपापला माणूस उभा करत आणि त्या दोघांचे जमले नाही तरच रेषेबाहेरच्या तिसऱ्याकडे दाद मागितली जाई. १८९१च्या बदलाने तो तिसरा मैदानात आला, निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती गेला आणि आधीचे दोघे रेषेवर झेंडे घेऊन उभे राहिले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. मुंबईत रोव्हर्स करंडक स्पर्धेची सुरुवातही १८९१चीच, त्यामुळे या शहराच्या मोठ्या फुटबॉलने पंच पाहिला तो मैदानाच्या आतलाच. पहिली अनेक वर्षे गोऱ्या पलटणींचे संघ आणि पंचही गोरेच. १९४० साली दिल्लीत झालेल्या ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यात लष्करातल्या एका भारतीय अधिकाऱ्याने पंचगिरी केली, तेव्हा स्पर्धेला बावन्न वर्षे होऊन गेली होती.

आजच्या ज्येष्ठ पंचांची पिढी घडली ती त्यानंतर बऱ्याच काळाने, साधारण १९७० ते १९९५ या काळात. मुंबईचा तो फुटबॉल कचेऱ्यांचा आणि कारखान्यांचा होता. रेल्वे, बंदर, बेस्ट, बँका, एअर इंडिया, टाटा, मफतलाल, महिंद्र, खत कारखाना आरसीएफ : संघाचे नाव म्हणजेच नोकरीचे ठिकाण. खेळाडूला खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळे, सरावासाठी सवलत मिळे. पंचासाठी असा कोटा नव्हता. तोही बहुतेकदा अशाच एखाद्या कचेरीत कारकून, तंत्रज्ञ किंवा तिकीट तपासनीस असे, नाहीतर शाळेत खेळाचा शिक्षक. कूपरेज मैदानावर दुपारी चारचा सामना असला की साहेबाला विचारून लवकर निघायचे आणि बुडालेले काम दुसऱ्या दिवशी उरकायचे. चांगला साहेब भेटला तर विशेष रजा, नाहीतर हक्काची रजा खर्च. पंचाची कारकीर्द किती लांबणार हे त्याच्या पायांइतकेच त्याच्या वरिष्ठांवर अवलंबून होते, आणि ज्या वरिष्ठांनी वर्षानुवर्षे सांभाळून घेतले त्यांची नावे सत्काराच्या भाषणात यायलाच हवीत, असे मला वाटते.

मानधन नाममात्र असे. बूट, मोजे, काळा सदरा, काळी चड्डी, सारे स्वतःच्या खर्चाने. रंगीत सदरे आले ते १९९०च्या दशकात. पावसाळी सामन्यांत मण्याची शिट्टी भिजली की ऐन वेळी वाजायची नाही. मणी नसलेली शिट्टी १९८७च्या सुमारास कॅनडातल्या एका बास्केटबॉल पंचाने बाजारात आणली आणि आपल्याकडे ती पोचायला आणखी काही वर्षे गेली. रविवार घरच्यांसाठी नसायचाच. लग्नकार्याच्या तारखा आणि सामन्यांचे वेळापत्रक यांची सांगड घरातल्या बाईने घालायची आणि चिखलाने माखलेले कपडेही तिनेच धुवायचे. सत्काराच्या वेळी पत्नीलाही व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. ते योग्यच आहे.

कोल्हापूरचे चित्र वेगळे. तिथे संघ पेठांचे आणि तालमींचे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली ईर्षा सर्वांना माहीत आहे, शाहू स्टेडियमवरची गर्दीही. तिथला पंच त्याच गावात राहतो. ज्या पोराला त्याने काल लाल कार्ड दाखवले, त्याचा चुलता सकाळी चहाच्या गाड्यावर समोर उभा असतो. ‘पेनल्टी नव्हती’ हे वाक्य त्याला आठवडाभर दुकानात, देवळात, मुलांच्या शाळेच्या फाटकावर ऐकावे लागते. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले आहेत, पोलीस बंदोबस्तात पंचांना बाहेर काढावे लागले आहे. अशा गावात वीस-पंचवीस वर्षे शिट्टी वाजवून दोन्ही पेठांत मान राखणे, याला नियमांच्या पाठांतरापलीकडचे काही लागते. खेळाडूंना त्यांच्या लहानपणापासून ओळखणारा पंच कोण कधी भडकेल हे आधीच ताडतो, आणि कार्ड काढायची वेळ येण्याआधी दोन शब्दांत वातावरण निवळवतो.

इथेच पंचेचाळिशीचा प्रश्न येतो, आणि तो जरा सविस्तर पाहायला हवा.

फुटबॉलच्या जागतिक महासंघाच्या (फिफाच्या) आंतरराष्ट्रीय यादीवरच्या पंचांसाठी दीर्घकाळ कमाल वय ४५ होते. त्याआधी ते ५० होते. ज्या वर्षी पंचेचाळीस पूर्ण होतील त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला नाव यादीतून जात असे. ही अट सर्वोच्च स्तरासाठी होती. पण वरचा नियम खाली झिरपतो. अनेक देशांच्या राष्ट्रीय संघटनांनी तीच रेघ देशांतर्गत स्पर्धांना लावली आणि जिथे लेखी अट नव्हती तिथेही ‘आता पंचेचाळीस झाली, नव्यांना जागा द्या’ हा संकेत बनला.

अटीच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. वरच्या जागा मोजक्याच असतात. त्या अडून राहिल्या तर खालच्या तरुण पंचाला मोठा सामना मिळतच नाही. खेळ वेगवान झाला आहे, एका सामन्यात पंचाला दहा-बारा किलोमीटर धावावे लागते. पण धावण्याची परीक्षा वेगळी घेतलीच जाते. पूर्वी बारा मिनिटांत किती अंतर कापता हे पाहत. नंतर चाळीस मीटरच्या सहा वेगवान धावा आणि त्यापुढे पंचाहत्तर मीटर धावणे, पंचवीस मीटर चालणे असे चाळीस वेळा, अशी कसोटी आली. जो सत्तेचाळिसाव्या वर्षी ही कसोटी पार करतो त्याला जन्मतारखेवरून घरी का बसवायचे, याचे समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही.

२००२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सांभाळणारा इटालियन पंच २००५ साली पंचेचाळीस वर्षांचा झाला. त्याच्या देशाच्या संघटनेने घरच्या स्पर्धांसाठी त्याची मुदत एका वर्षाने वाढवली. २००६च्या विश्वचषकाचे दार मात्र वयाच्या अटीने बंदच राहिले. पुढे त्याने जाहिरातीच्या करारावरून झालेल्या वादात शिट्टी खाली ठेवली, हे खरे, पण वयाच्या अटीवरची चर्चा जगभर पेटली ती त्याच्यामुळे. अखेर २०१६च्या सुमारास ही कमाल मर्यादा उठली. त्यापुढच्या वयाच्या पंचांचा विचार वैद्यकीय आणि तांत्रिक तपासणीनंतर व्यक्तिगणिक होऊ लागला.

हौशी पंचाच्या बाबतीत ही अट जास्त जाचक होती. पंचविशीत परीक्षा द्यायची, जिल्हा-राज्य अशा पायऱ्या चढताना नोकरी, लग्न, मुलांची शिक्षणे सांभाळायची. चाळिशी ओलांडल्यावर नोकरीत थोडी ज्येष्ठता येते, रजा मागताना अवघडल्यासारखे होत नाही, मुले हाताशी येतात. मैदानाला मोकळेपणाने वेळ देता येईल असा हा पहिला काळ, आणि त्याच वेळी सांगायचे की थांबा. कचेरी त्याला अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षापर्यंत कामाचा मानते. मैदान तेरा-पंधरा वर्षे आधीच निवृत्त करते. पुढे काही जण सामना आयुक्त किंवा पंच निरीक्षक होतात, काही नव्या पंचांना शिकवतात, बरेच जण शाळांच्या सामन्यांकडे वळतात. आंतरशालेय फुटबॉल अशा निवृत्त पंचांच्या आधारावर उभे राहिले आहे, ही बाब कुठेच पुरेशी नोंदली गेलेली नाही. त्या वयोगटात अट नडत नाही, आणि खेळाडूंना नियम शिकवणारा पंच तिथेच सर्वांत जास्त लागतो.

‘हौशी’ म्हणजे दुय्यम, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. १९७४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच काही क्षणांत पेनल्टी देणारा इंग्रज पंच व्यवसायाने खाटीक होता. पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना, जी १९७०च्या विश्वचषकात प्रथम वापरात आली, ती मुळात एका शाळामास्तरांची. तेही पंच होते. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पगारी पंच आले ते २००१ साली. तोवर तिथली सर्वोच्च पातळीही नोकरी-धंदा करणाऱ्यांनीच सांभाळली.

गौरवाच्या बाबतीत आपल्याकडे अजून मोठी उणीव आहे. खेळाडूंसाठी १९६१ पासून अर्जुन, प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे. पंचांसाठी तसा स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार नाही. फुटबॉलच्या राष्ट्रीय महासंघाच्या वार्षिक पुरस्कारांत पंच आणि साहाय्यक पंचांची निवड होते, ती त्या-त्या हंगामातल्या कामगिरीवर. याउलट अझरबैजानमध्ये बाकूच्या मोठ्या स्टेडियमला १९६६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातल्या रेषापंचाचे नाव आहे.

राष्ट्रीय पुरस्कार नसल्यामुळे दोन-तीन दशकांच्या सेवेची दखल घेणे आपल्याकडे शहर आणि जिल्हा पातळीवरच उरते, आणि तिथे अडचण नोंदींची आहे. खेळाडूचे गोल वर्तमानपत्राच्या कात्रणांत सापडतात. पंचाचे नाव बातमीत येते ते वाद झाला तरच. कोणी किती सामने केले, कोणत्या अंतिम लढती सांभाळल्या, हे जुळवायला बहुतेक वेळा त्या पंचाच्या घरच्या वह्या आणि नेमणुकीची पत्रे यांवरच भिस्त ठेवावी लागते. सत्कार ठरवणाऱ्यांनी ती कागदपत्रे पंच हयात असतानाच मागून घ्यावीत, त्यांच्या प्रती संस्थेच्या कपाटात ठेवाव्यात आणि सोबत नोकरीचे ठिकाण, घेतलेल्या रजा, त्या देणारे वरिष्ठ यांचीही नोंद करावी.