दक्षता यंत्रणा (कंपन्यांमधील)

कंपनीतील गैरव्यवहार, खोटे हिशेब किंवा आचारसंहितेचा भंग लक्षात आल्यास संचालकांना व कर्मचाऱ्यांना आपल्या वरिष्ठाला वगळून तक्रार करता यावी, यासाठी केलेली व्यवस्था. तक्रार करणाऱ्याला मराठी वृत्तपत्रे ‘जागल्या’ म्हणतात. गावात रात्रभर जागून पहारा देणाऱ्याचे हे नाव. पण त्याची नेमणूकच हाळी देण्यासाठी असे. कंपनीतला जागल्या बहुधा हिशेब किंवा खरेदी खात्यात बसतो, आणि हाळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच साहेबाच्या हाताखाली काम करतो. यंत्रणेची खरी अडचण हीच.

भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार ही यंत्रणा सक्तीची आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना हे कलम लागू होते. तक्रारदाराचा छळ होऊ नये आणि अपवादात्मक प्रसंगी त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापर्यंत जाता यावे, एवढी हमी कायदा मागतो. वारंवार पोकळ तक्रारी करणाऱ्याला समज देण्याची मुभाही नियमांत आहे. पोकळ तक्रार कोणती हे कंपनीच ठरवते, म्हणून ही मुभा जपून वापरावी लागते.

या तरतुदींमागे हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचा धडा आहे. उत्तम कारभारासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार या कंपनीला २००८ मध्ये मिळाला होता. पुढे तो काढून घेण्यात आला. डिसेंबर २००८ मध्ये एका निनावी ई-मेलने स्वतंत्र संचालकाला सावध केले आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. आचारसंहिता, समित्या, नामवंत संचालक या कशाचीच तिथे वाण नव्हती.

लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने यंत्रणेला आर्थिक वजनही आले. कंपनीसाठी कोणी लाच दिली तर कंपनीही दोषी ठरते. ‘पुरेशी प्रतिबंधक कार्यपद्धती होती’ हे सिद्ध केले तरच तिची सुटका. कपाटातली पुस्तिका त्याला पुरत नाही.

जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता असल्याने खासगी कंपनीतल्या जागल्याला त्याचा आधार नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींचा मार्ग निराळा आहे. त्या २०१३ च्या स्वतंत्र कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीकडे जातात आणि त्या समितीत बाहेरचा एक सदस्य असावाच लागतो. दक्षता यंत्रणेला अशी सक्ती नाही.